एसी लावला की गाडी बंद पडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिग्नलला गाडी थांबते, कॉम्प्रेसर "टक" करून लागतो, स्टिअरिंग थरथरतं आणि इंजिन गप्प होतं. मार्च उजाडला की याबद्दलचे प्रश्न सुरू होतात. खालची उत्तरं मुख्यतः पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहेत. डिझेल, कार्ब्युरेटर आणि ऑटोमॅटिकचे प्रश्न शेवटाकडे वेगळे घेतले आहेत. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

१. एसीचा असा किती भार येतो की इंजिन बंदच पडावं?

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या बेल्टवर फिरतो. बटण दाबलं की पुलीतला चुंबकी क्लच चिकटतो आणि छोट्या गाडीत दोन-तीन हॉर्सपॉवरचा भार एका क्षणात इंजिनावर पडतो. शिवाय कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या समोरच्या जाळीचा) पंखा आणि आतला ब्लोअर मिळून २० ते २५ अँपिअर खेचतात. ती वीज अल्टरनेटर बनवतो आणि अल्टरनेटरही इंजिनच फिरवतं, म्हणजे आणखी जवळजवळ एक हॉर्सपॉवर गेली. हायवेवर हे जाणवत नाही. ७५० आरपीएमवर (मिनिटाला ७५० फेरे) पेंगत असलेल्या हजार सीसीच्या इंजिनाला मात्र हे ओझं मोठं असतं.

म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आधी तयारी करतो. एसीची मागणी आली की तो आधी थोडी जास्त हवा आत सोडतो, मग कॉम्प्रेसर लावतो. धडधाकट गाडीत काटा क्षणभर ५०-१०० आरपीएमने खाली जातो आणि ८५० ते ९५० वर स्थिरावतो. ही तयारी कुठेतरी फसते तेव्हा गाडी बंद पडते.

२. म्हणजे दोष एसीचा की इंजिनाचा?

तीन शक्यता असतात आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये.

पहिली, इंजिन ठीक आहे, एसीही ठीक आहे, पण आयडल (ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन फिरतं तो किमान वेग) सांभाळणारी यंत्रणा हवा वाढवत नाही (प्रश्न ४ ते ६). दुसरी, इंजिनच अशक्त आहे: प्लग झिजलेत, कुठून तरी हवा चोरली जातेय, इंधनाचा दाब कमी आहे (प्रश्न ७ आणि ८). तिसरी, एसीचा भारच नेहमीपेक्षा जास्त आहे: गॅस जास्त भरलाय, पंखा फिरत नाही, कॉम्प्रेसर जड झालाय (प्रश्न ९ ते ११).

पहिलीच शक्यता बहुतेक वेळा खरी निघते, आणि तरीही बरेच जण सुरुवात एसीवाल्याकडे जाऊन गॅस भरण्यापासून करतात. आजार रेड्याला, औषध पखालीला.

३. गॅरेजला जाण्याआधी घरी काही तपासता येईल का?

येईल, अर्धा तास पुरतो. इंजिन पूर्ण गरम करा, गाडी मोकळ्या जागी, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. मीटरमध्ये आरपीएमचा काटा नसेल तर ओबीडी पोर्टला लावायचा साधा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइल चालतो.

आधी सगळं बंद ठेवून आरपीएम लिहून घ्या. तेव्हाच काटा नाचत असेल किंवा ६५० च्या खाली असेल, तर एसीकडे पाहूच नका, इंजिन आधी.

मग एसी न लावता ब्लोअर फुल, हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावा. एवढ्यानेच इंजिन मरगळलं तर प्रश्न १२ वर जा.

आता एसी लावा आणि काट्याकडे पाहा. खाली जाऊन वर आलाच नाही, तर पुढची चाचणी निर्णायक. इंजिन बंद करा, कॉम्प्रेसरच्या क्लचला जाणारा एकाच वायरचा कनेक्टर काढा, वायर बेल्टपासून दूर बांधा, इंजिन चालू करून एसीचं बटण दाबा. ईसीयूला वाटतं एसी लागला, प्रत्यक्षात भार शून्य. आरपीएम वाढला तर हवा वाढवणारी यंत्रणा जिवंत आहे आणि संशय कॉम्प्रेसरच्या भारावर किंवा अशक्त इंजिनावर जातो. काटा ढिम्म राहिला तर यंत्रणाच काम करत नाही, किंवा एसीची मागणी ईसीयूपर्यंत पोहोचतच नाही.

काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला, सतत फिरणारा कॉम्प्रेसर असतो. तिथे ही चाचणी लागू नाही, स्कॅनरच लागेल. आणि गॅसच्या बारीक पाइपवरचा प्रेशर सेन्सर काढून ही चाचणी करू नका. तो काढला की ईसीयू एसीची मागणीच नाकारतो आणि निष्कर्ष चुकतो.

४. थ्रॉटल बॉडी साफ करा असं सगळे सांगतात. ती का घाण होते, आणि घरी साफ करता येते का?

थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट आणि बटरफ्लाय म्हणजे तिच्यातली हवा कमी-जास्त करणारी झडप. आयडलला बटरफ्लाय जवळजवळ बंद असतो आणि इंजिन त्याच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून श्वास घेतं. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातून) परत येणारी तेलाची वाफ या कडेवर बसते, त्यावर धूळ आणि काजळी चिकटते आणि फट बुजते. एसी नसताना ईसीयू कसंबसं भागवतो. एसी लागला की लागणारी जादा हवा मिळत नाही. ४०-५० हजार किलोमीटर झालेल्या आणि कधीच साफ न केलेल्या गाडीत पहिला संशय इथेच घ्यावा.

साफ करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, एअर फिल्टरचा पाइप सैल करून बाजूला करा. थ्रॉटल क्लीनर कपड्यावर मारा आणि बटरफ्लायची कड व त्यामागची भिंत पुसा. स्प्रे थेट आत ओतायचा नाही; तो शाफ्टच्या बेअरिंगमध्ये आणि सेन्सरमध्ये उतरतो. तारेचा ब्रश, सँडपेपर, स्क्रूड्रायव्हर यांना हात लावू नका, कारण काही थ्रॉटलवर कारखान्यातून पातळ लेप दिलेला असतो आणि तो खरवडला की आयडल कधीच जागेवर येत नाही.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल (ॲक्सिलरेटरला केबल नसते) तर इग्निशन चालू असताना बटरफ्लाय बोटाने ढकलू नका. आतले प्लॅस्टिकचे गिअर मोडतात, आणि वीस मिनिटांच्या कामाचं रूपांतर अख्खी थ्रॉटल बॉडी बदलण्यात होतं.

केबलवाल्या जुन्या गाड्यांत थ्रॉटलच्या बगलेला आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. त्याच्या टोकावर आणि त्याच्या भोकातही तीच काजळी असते. तो काढून साफ करा, पण टोक हाताने दाबू किंवा ओढू नका. साफ करूनही प्रश्न ३ मधली चाचणी नापास होत असेल तर व्हॉल्व्हची कॉइल आणि वायरिंग मल्टिमीटरने तपासा.

५. थ्रॉटल साफ केला (किंवा बॅटरी बदलली) आणि आता गाडी जास्तच बंद पडते. असं कसं?

ईसीयूने घाणेरड्या थ्रॉटलशी जमवून घेतलेलं असतं. घाण गेली की त्याचे जुने हिशोब चुकतात. बॅटरी काढली की हिशोब पुसलेच जातात. दोन्ही वेळा आयडल पुन्हा शिकवावा लागतो.

बऱ्याच गाड्यांत हे पुरतं: इग्निशन चालू करून ॲक्सिलरेटरला हात न लावता अर्धा मिनिट थांबा, मग इंजिन चालू करा. एसी, दिवे, ब्लोअर सगळं बंद ठेवून इंजिन गरम होऊन पंखा एकदा फिरून थांबेपर्यंत चालू द्या. त्यानंतर एसी लावून आणखी पाच-दहा मिनिटं आयडलला ठेवा. एसीचा भाग बरेच जण विसरतात, आणि नेमकं तेच शिकणं बाकी राहतं. काही मॉडेलांत ही प्रक्रिया स्कॅनरनेच करावी लागते. तिथे घरगुती उपायाने दोन दिवसांतही फरक पडणार नाही.

६. मेकॅनिक म्हणतो स्क्रू फिरवून "स्लो" वाढवून देतो. करू द्यावं का?

इंजेक्शनच्या गाडीत अजिबात नाही. तो थ्रॉटलचा थांबा आहे, आयडलचा स्क्रू नव्हे. तो फिरवला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचं शून्य सरकतं, ईसीयूला वाटतं चालकाचा पाय पॅडलवर आहे, आणि तो आयडल सांभाळणं सोडून देतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत स्क्रू खरोखरच त्यासाठी असतो. प्रश्न १४ पाहा.

७. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. तरी स्कॅन करून उपयोग आहे का?

आहे. दिवा न लावताही काही दोषांचे कोड साठवलेले असतात, आणि कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. २०१३ नंतरच्या बहुतेक भारतीय पेट्रोल गाड्या साध्या डोंगलवर वाचता येतात.

पी०५०५ म्हणजे आयडल नियंत्रणात दोष, पी०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी. दोन्ही दिसले तर प्रश्न ४ कडे. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, प्रश्न ८. पी०३०० ते पी०३०४ म्हणजे मिसिंग (एखादा सिलिंडर मधेच न पेटणं): प्लग, कॉइल, इंजेक्टर पाहा. पी०५३२ आणि पी०५३३ एसीच्या प्रेशर सेन्सरचे. पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचा) कोड फसवा असतो. तो सेन्सर गरम झाल्यावर मरतो, उन्हाळ्यात मरतो, म्हणजे नेमका एसी चालू असतानाच मरतो, आणि आळ एसीवर येतो. खूण अशी: इंजिन थरथरत नाही, बटण बंद केल्यासारखं चटकन बंद होतं, आणि पंधरा-वीस मिनिटं गार झाल्यावर निमूट चालू होतं.

८. हवा चोरली जातेय हे कसं ओळखायचं?

आयडलला फुस्स असा बारीक आवाज, काटा वरखाली, आणि डोंगलवर फ्युएल ट्रिम (मिश्रण जमवायला ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा). आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमवर पुन्हा शून्याजवळ, असं दिसलं तर थ्रॉटल आणि इंजिनाच्या मधे कुठेतरी हवा शिरतेय. दोन्हीकडे ट्रिम वर असेल तर मात्र इंधन कमी पडतंय: फिल्टर, पंप किंवा घाण झालेला हवामापक सेन्सर.

पहिल्यांदा रबरी पाइपांची टोकं पाहा. ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याचा) जाड पाइप, क्रँककेस वाफेचा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट. उष्णतेने रबर कडक होऊन खालच्या बाजूने तडकतं, वरून छान दिसतं. पाइप एकेक करून पक्कडने हलका दाबा. ज्याला दाबल्यावर आयडल सुधारतो तो किंवा त्याच्या टोकाचा भाग दोषी. गरम इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते, पण तो स्प्रे पेट घेतो. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून मिळत असेल तर ती करून घ्या.

९. मागच्या महिन्यात गॅस भरला आणि तेव्हापासून बंद पडते. संबंध आहे का?

दाट संबंध आहे. छोट्या हॅचबॅकमध्ये आर१३४ए गॅस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम मावतो. नेमका आकडा बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. शंभर ग्रॅम जास्त म्हणजे पाव हिस्सा जास्त. "गार लागेपर्यंत" भरणाऱ्याकडे हे सहज होतं. जास्तीचा गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जागा अडवतो, दाब चढतो, आणि तो दाब कापायला इंजिनाला जास्त ताकद लागते.

गेजवर आयडलला, ३०-३५ अंश उन्हात, लो साइड २५ ते ४५ पीएसआय आणि हाय साइड १५० ते २५० च्या दरम्यान हवी. हाय साइड ३०० च्या वर असेल आणि पंखा नीट फिरत असेल, तर गॅस जास्त आहे किंवा सिस्टिममध्ये हवा राहिली आहे. उपाय एकच: सगळा गॅस मशीनने काढून, किमान अर्धा तास व्हॅक्यूम लावून, वजन करून पुन्हा भरणे. थोडा "सोडून" अंदाजाने जमवणं नको. गॅसबरोबर तेल जातं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो.

गॅस कमी असेल तर? भार कमीच होतो, पण कॉम्प्रेसर दर पाच-दहा सेकंदांनी लागतो-सुटतो. प्रत्येक वेळी आयडलला धक्का बसतो, आणि घाण थ्रॉटलची गाडी त्यातल्या एखाद्या धक्क्याला बंद पडते.

१०. हायवेवर मस्त चालते, फक्त दुपारच्या ट्रॅफिकमध्ये बंद पडते. का?

चालत्या गाडीत कंडेन्सरला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीत तो फक्त पंख्यावर असतो. एसी लावल्यावर पंखा लगेच, किंवा फार तर मिनिटाभरात, फिरायला हवा. तो हळू फिरत असेल, दोनपैकी एकच फिरत असेल, तर रिले, रेझिस्टर, मोटारचे कार्बन ब्रश या क्रमाने पाहा.

पंखा ठीक असेल तर समोरून टॉर्च मारून कंडेन्सर पाहा. कारखाना, कापूस किंवा उसाच्या पट्ट्यातल्या गाडीत त्याच्या पत्र्यांत माती, पिंजलेला कापूस, चिलटं यांचा थर असतो. हलक्या दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की पत्रे आडवे होतात आणि रोगापेक्षा इलाज भारी पडतो. सोपी चाचणी: बंद पडू लागली की कंडेन्सरवर बादलीभर पाणी ओता (पंख्याच्या मोटारवर नको). लगेच आयडल सावरला तर उष्णता बाहेर जात नाही हे नक्की.

११. कॉम्प्रेसर जाम होत चाललाय हे कसं कळतं?

इंजिन बंद, चावी काढलेली. पुलीच्या पुढची क्लचची चकती हाताने फिरवा. ती एकसारख्या हलक्या विरोधाने फिरली पाहिजे. अडकत असेल, खरखरत असेल किंवा हलतच नसेल तर कॉम्प्रेसर आतून गेला आहे. एसी लावताना बेल्ट किंचाळणं आणि जळक्या रबराचा वास ही त्याचीच लक्षणं.

एसी बंद असतानाही पुलीचा घर्र आवाज येत असेल तर तो पुलीच्या बेअरिंगचा. हे वेगळं आणि बरंच स्वस्त दुखणं आहे, त्यासाठी पूर्ण कॉम्प्रेसर बदलू देऊ नका.

१२. बॅटरी किंवा अल्टरनेटरमुळे असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. एसी, ब्लोअर, दिवे चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.२ व्होल्टच्या वर दिसायला हवं. ते १२ च्या आसपास घसरत असेल तर इंधन पंप आणि कॉइल दोन्ही अर्धपोटी चालतात. आधी बॅटरीची टोकं आणि इंजिनाची अर्थिंगची वायर साफ करून घट्ट करा, मग बेल्टचा ताण, मग अल्टरनेटर. काही नव्या गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून एका क्षणाच्या आकड्यावर निकाल देऊ नका; दोन मिनिटं पाहा.

१३. पेट्रोलवर ठीक, सीएनजीवर एसी लावला की बंद. काय पाहायचं?

सीएनजीवर इंजिनाची ताकद साधारण दहा टक्के कमी असते, त्यामुळे काठावरची गाडी आधी गॅसवर उघडी पडते. क्रमाने पाहा: प्लग (सीएनजीला ठिणगी जास्त जोराची लागते, झिजून वाढलेला गॅप पेट्रोलवर खपतो, इथे नाही), सीएनजीचा बारीक फिल्टर, रिड्यूसरचा (टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचा) दाब, गॅस इंजेक्टर. नंतर बसवलेल्या किटमध्ये एसी चालू ठेवून आयडलचं मॅपिंग (गॅसचं प्रमाण जुळवणं) केलंय का हे विचारा. ते बऱ्याचदा एसी बंद ठेवूनच उरकलेलं असतं. रिड्यूसरवर बर्फ दिसला तर त्याला गरम ठेवणारं कूलंट तिथे पोहोचत नाही. कूलंटची पातळी आणि पाइप पाहा.

पेट्रोलवरही बंद पडत असेल तर किटला दोष देऊ नका, प्रश्न ३ पासून सुरुवात करा.

१४. जुनी कार्ब्युरेटरची गाडी आहे. तिला ईसीयूच नाही, मग आयडल वाढवतं कोण?

व्हॅक्यूमवर चालणारा छोटा ॲक्चुएटर. एसी लागला की विजेचा व्हॉल्व्ह उघडतो, व्हॅक्यूम त्या डब्यात जातो, आतला पडदा दांडी ओढतो आणि थ्रॉटल जरासा उघडतो. एसी लावून ती दांडी हलते का ते पाहा. हलत नसेल तर पाइप, पडदा किंवा व्हॉल्व्ह गेलेला. हलत असेल तर आधी एसी बंद ठेवून साधा आयडल लावा, मग एसी लावून ॲक्चुएटरच्या वेगळ्या स्क्रूने दुसरा. क्रम उलटा केला तर दोन्ही बिघडतात.

१५. डिझेल गाडीतही हेच लागू पडतं का?

फारसं नाही. डिझेलचा आयडल हवेवर नसून इंधनावर असतो. तिथे डिझेल फिल्टर, त्यात साठलेलं पाणी, उघडा अडकलेला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि कॉमन रेल पंपावरचा दाब नियंत्रक व्हॉल्व्ह हे संशयित.

१६. ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला बंद होते आणि ब्रेक सोडला की आपोआप चालू होते. दोष आहे का?

हा स्टार्ट-स्टॉप आहे, दोष नाही. बटण दाबून बंद करता येतो. मात्र टॉर्क कन्व्हर्टरची गाडी 'डी'मध्ये ब्रेकवर उभी असताना थरथरून बंद पडते आणि 'एन'मध्ये टाकल्यावर सावरते, तर गिअरबॉक्स आणि एसी असा दुहेरी भार तिला पेलत नाही. तपासणी तीच, प्रश्न ३ ची.

१७. ई२० पेट्रोलमुळे असं होतं का?

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन थोडं जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू हे भरून काढतो. पण इंजेक्टर आधीच तुंबलेले असतील तर त्याची मर्यादा लवकर संपते. कार्ब्युरेटरला हे जमत नाही. तिथे मिश्रण पातळ होऊन आयडल खरोखर बिघडतो. दुसरा मुद्दा पाण्याचा: इथेनॉल पाणी शोषतं, आणि महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत ते खाली बसतं.

१८. महाबळेश्वरला गेलो की त्रास होतो, खाली आलो की नाही. असं का?

तेराशे मीटरच्या उंचीवर हवा साधारण १५ टक्के विरळ असते. त्यात घाटात तापलेलं इंजिन. गाडी निरोगी असेल तर आयडल यंत्रणा हे सांभाळते. नसेल तर बुजलेला थ्रॉटल इथे पहिल्यांदा दिसतो. घाट चढताना एसी मधेच गार वारा देणं थांबवतो तो बिघाड नव्हे. पूर्ण रेस दिल्यावर ईसीयू कॉम्प्रेसर मुद्दाम सोडतो.

१९. उभी असताना नाही, ब्रेक दाबून थांबतानाच बंद पडते. वेगळं काही?

हो. ब्रेक पॅडल दाबल्याबरोबर आयडल खाली गेला तर ब्रेक बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. उभ्या गाडीत चार-पाच वेळा ब्रेक दाबून पाहा. प्रत्येक दाबाला आरपीएम बदलत असेल तर ही सुरक्षिततेची बाब आहे, गाडी चालवू नका. पॅडलचा संबंध नसेल, फक्त क्लच दाबल्यावर काटा सरळ खाली घसरत असेल, तर ईसीयूला आरपीएम वेळेत झेलता येत नाही: पुन्हा थ्रॉटल, किंवा वेगाचा सेन्सर.

२०. चालत्या रस्त्यात बंद पडली तर आधी काय करायचं?

चावी लॉकपर्यंत मागे फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल. ब्रेकला अजून दोन-तीन दाबांची मदत शिल्लक असते. ती पंप करून संपवू नका, एकदाच ठाम दाबा. स्टिअरिंग जड होईल, चालेल. चारही इंडिकेटर लावा, कडेला घ्या, एसी बंद करून मग स्टार्ट करा. साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल तर स्टार्ट करूच नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो.

२१. गॅरेजला नेली की शहाण्यासारखी चालते. काय करू?

आठवडाभर प्रत्येक वेळी पाच गोष्टी लिहा: इंजिन किती वेळ चालू होतं, बाहेर ऊन किती, कॉम्प्रेसरचा "टक" आवाज आणि बंद पडणं यात किती सेकंद गेले, थरथरून बंद पडली की चटकन, आणि पुन्हा किती वेळाने चालू झाली. जमल्यास मीटरचा व्हिडिओ सोबतच्या माणसाला घ्यायला सांगा. आणि गाडी सकाळी गार इंजिनाने नेऊन देऊ नका. दुपारी, तासभर एसी लावून चालवल्यावर, तशीच गरम घेऊन जा.